मास्तरीणबाईंचं कपाट

कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, हा डागमावशीचा नेम. सुलटी बाजू बोलूनचालून दाखवायची. तिच्यावर भरवसा ठेवणारा माणूस एक तर नवखा किंवा नवरा, असं ती म्हणायची. धुलाईच्या दुकानात सगळ्यात मागच्या टेबलाशी, खिडकीतल्या उजेडात तिची जागा. पुढे गल्ल्यावर मालक, मधे वाफेत बुडालेले इस्त्रीवाले आणि मागे ही. गिऱ्हाईक म्हणायचं, "चहा सांडला हो." ही कापड नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "चहा नाही, खोकल्याचं औषध आहे. आणि सांडलं नाही, थुंकलंय." लोक डॉक्टरशी खोटं बोलतात तसं डागाबद्दलही बोलतात. पण मावशीपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

हात सोन्याचे, नाक तिखट आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जळका. कुणाच्या घरी नवा फ्रिज आला, कुणाची मुलगी पहिली आली, की हिच्या पोटात दुखायला लागलंच म्हणून समजा. मात्र ती जळायची ते उघड उघड. गोड हसून आत धुमसणाऱ्यांतली ती नव्हती. "मला मेलीला बघवत नाही," असं स्वतःच म्हणायची आणि मोकळी व्हायची.

आता बिचारीला जळायला कारणही होतं. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्या. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, पाहुणा राहायचा तर मालकाला सांगा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून सगळे त्याला 'काचवाले' म्हणत. माणूस सालस, हळू बोलणारा, भांडायला सुद्धा बसून घेणारा. दोघांनी पोटाला चिमटा काढून लेकीचं लग्न केलं, आणि मग मावशीनं एकच धोशा लावला: आता घर. लहान असो, जुनं असो, पण माझं.

आणि घर मिळालं. अरुंद, दुमजली, दोन घरांच्या मधे चेपून बसवल्यासारखं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि न्हाणीघर. मालकीण एक निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायच्या. निम्म्या गल्लीचे कान त्यांनीच पिळलेले, म्हणून सगळ्यांच्या त्या मास्तरीणबाई, आणि बोलताना नुसत्या 'बाई'. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले, जिना झेपत नव्हता. घर विकून मुलीकडे राहायला चालल्या होत्या.

जुनं घर घेताना शहाणी माणसं काय बघतात? भिंतीवर टिचकी मारतात, नळ सोडून बघतात, जमिनीवर गोटी ठेवतात. काचवाले वर जाऊन नळाला हात घालणार, तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला, "चहा गार होतोय हं!" सालस माणूस, उतरला खाली.

मावशीनं काय बघितलं? पडदे. खिडकीशी उभी राहून तिनं हळूच पडद्याची कड उलटी केली. स्वच्छ. टेबलावरच्या कापडाचा कोपरा उचलला, उशीचा अभ्रा आतून बघितला. शेवटी कुणी बघत नाही असं पाहून दारातलं पायपुसणं पायाच्या अंगठ्यानं उलटं केलं. तेसुद्धा स्वच्छ! अहो, मावशीच्या स्वतःच्या घरचं पायपुसणं उलटं करायची सोय नव्हती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सत्तरीच्या बाईचं पायपुसणं असं, आणि आपण डागांच्या डॉक्टर म्हणून मिरवतो! त्या जळफळाटातच तिनं ठरवून टाकलं की हे घर आपल्याला पाहिजे. हिच्या खिडक्यांना माझे पडदे लागले पाहिजेत.

"जिचं पायपुसणं उलट्या बाजूनं स्वच्छ, तिच्या घरात आणखी काय बघायचंय?" घरी जाताना ती नवऱ्याला म्हणाली. एकच गोष्ट तिच्या नजरेत आली होती. पुढच्या खोलीतल्या निळ्या पट्ट्यांच्या पडद्यांच्या जोडीपैकी एक चार बोटं आखूड होता आणि त्याची दुमड नवी होती. आटला असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि ते कपाट. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून एक भलंमोठं, भरीव लाकडाचं कपाट उभं होतं. बाई म्हणाल्या, "हे दारातून निघत नाही. इथंच आणून जोडलेलं. तुम्हालाच राहू द्या." मावशीला गगन ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं इस्त्रीवाल्यांना, मालकांना, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "कपाट फुकट दिलं बाईंनी. असं कपाट आता मिळत नाही." एक म्हातारा इस्त्रीवाला म्हणाला, "मावशे, फुकट दिलेल्या कापडाची उलट बाजू बघितलीस का?" सगळे हसले. मावशीला वाटलं, जळतो मेला.

राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी बाहेरचं दार अडून बसलं. किल्ली फिरली, पण दार हलेना. मावशीनं धक्का दिला, खांदा लावला, शिव्या दिल्या. समोर शिंपीकाकांचं दुकान होतं. मशीन थांबवून ते गंमत बघत होते. "बाई एका हातानं उघडायच्या हो," ते म्हणाले. "हातात पिशव्या असल्या तरी!"

पुढच्या आठवड्यात कळलं की स्वयंपाकघराची जमीन एका बाजूला उतरती आहे. बटाटा हातातून निसटला की थेट मोरीपाशी जाऊन थांबतो. मग जिन्यातला दिवा. बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी लागेना. खालचा पंखा सुरू केला की आपोआप लागायचा. आणि वरचा नळ! पूर्ण सोडला की भिंतीच्या पोटात कुणी पिंप लोटत नेल्यासारखा गडगडाट. सगळं घर हादरायचं.

"फसवलं आपल्याला म्हातारीनं!" मावशी म्हणाली.

"अगं, जुनं घर आहे," काचवाले म्हणाले. "प्रत्येकाच्या काही खोडी असतात. बाईंना विचारून येतो."

ते गेले आणि हसत हसत परत आले. दाराला गुडघ्यानं किंचित वर उचलायचं, मग ढकलायचं. त्यांनी उचललं, ढकललं, आणि दार उघडलं! "बाई म्हणाल्या, त्याला दम दिलेला चालत नाही, उचलून घ्यावं लागतं."

इथून मावशीच्या घरात ते दोन शब्द शिरले. बाई म्हणाल्या. बाई म्हणाल्या, टेबलाच्या त्या पायाखाली पुठ्ठा घाला. बाई म्हणाल्या, खिडकी उजवीकडून लावा. बाई म्हणाल्या, वरचा नळ अर्धाच उघडायचा, मग वाजत नाही. सुट्टीच्या दिवशी काचवाले न चुकता बाईंकडे जायचे. जाताना शंका न्यायचे आणि येताना कौतुक आणायचे. "काय स्मरणशक्ती आहे गं बाईंची! कुठल्या पायरीला कुठं टोक आहे ते डोळे मिटून सांगतात." गल्लीतही तेच. पत्ता सांगायचा तर लोक सांगत, "मास्तरीणबाईंच्या घराशेजारी." पोस्टमन म्हणे, "बाईंच्या घरी नव्यानं राहायला आलात का?"

बाईंच्या घरी! इतकी वर्षं घरमालकांची घरं झाडली, आता स्वतःच्या घरात येऊनही ही भाडेकरूच. मावशी रागानं लालबुंद व्हायची. इतर बायकांना नवऱ्यावरून सवत असते. हिला तर दारावरून, नळावरून, जिन्यावरून सवत होती. आणि तीही सत्तरीची, गुडघे गेलेली! सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

"मी जळते त्या म्हातारीवर," एकदा तिनं टेबलाशी काम करता करता कबूल करून टाकलं.

म्हातारा इस्त्रीवाला म्हणाला, "का? तिच्याकडे काय आहे?"

"माझं घर," मावशी म्हणाली.

आणि मग तिनं हट्टाला पेटायचं ठरवलं. काचवाले दार गुडघ्यानं उचलून उघडायचे, ही लाथ घालून. आणि नळ? "माझ्या घरातला नळ मी अर्धा उघडू? अर्धा उघडायला मी काय अर्धी मालकीण आहे?" रोज सकाळी वर जाऊन ती नळ पार शेवटपर्यंत फिरवायची. घर गडगडायचं. काचवाले खाली चहाचा कप धरून बसायचे, कारण तो बशीत नाचायचा. समोर शिंपीकाका मशीन थांबवून वर बघायचे. मावशीला त्यातच समाधान. ऐकू दे गल्लीला, कोण राहतंय ते!

एक दिवस पुढची खोली झाडताना तिला कपाटाच्या कडेला, भिंतीवर, तळहाताएवढा डाग दिसला. कडेनं पिवळट रेघ, मधे ओलसर.

आता डागमावशीला डाग दिसला म्हटल्यावर तिनं काय करावं? नळवाल्याला बोलवावं. पण नाही! तिनं पदर खोचला, बाटल्या काढल्या आणि भिंत घासायला बसली. लिंबू लावलं, मीठ लावलं, दुकानातली पांढरी पूड आणून लावली. पाण्याचा डाग सगळ्यात लबाड, हे तिनं शिकाऊ पोरींना शंभरदा सांगितलेलं. त्याला पुढून घासलं की तो पसरतो, मागून पुसावा लागतो. पण भिंतीच्या मागून कोण जाणार? चार दिवसांत डाग ताटाएवढा झाला. मग तिनं काय केलं असेल? त्याच्यावर आरसा टांगला.

"इथं आरसा कशाला?" काचवाल्यांनी विचारलं.

"उजेड चांगला पडतो," ती म्हणाली. नवरा जन्मभर काचेत काम केलेला माणूस. त्याला दिसत होतं की तिथं अंधार आहे.

खरं कारण एकच होतं. डाग दिसला की हा उठून बाईंकडे जाणार, आणि बाई काहीतरी म्हणणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मावशी आरसा खाली खाली सरकवत राहिली.

मूठ किती दिवस झाकणार? लेक राहायला येणार होती म्हणून मावशीनं कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथं तिनं जिवापाड जपलेली शाल होती, लेकीला द्यायची. तिच्या आईची. घडी उलगडली आणि आतून बुरशीचा भपकारा आला. काळे ठिपके, पार उलट बाजूपर्यंत. जगाचे डाग काढणाऱ्या बाईच्या स्वतःच्या कपाटात! मावशीच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं.

काचवाले धावत आले. त्यांनी शाल बघितली, मग आरसा उचलून भिंत बघितली. हळूच म्हणाले, "मी जरा बाईंना विचारून—"

"खबरदार!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की समोरचं मशीन थांबलं. "या घरातून त्या बाईला बाहेर काढायला आणखी किती दिवस लागणार आहेत? मी इथं राबते, मी झाडते, शाल माझ्या आईची सडली, आणि विचारायचं त्यांना? माझ्याशी लग्न केलंत की त्यांच्याशी?"

काचवाले सावकाश खाली बसले. "अगं," ते म्हणाले, "बाईंना घराबद्दल विचारलं की त्यांना बरं वाटतं. तुला विचारलं की तू भांडतेस."

मावशीला हे फार लागलं. ती तडक जाऊन गवंड्याला घेऊन आली.

गवंडी, नळवाला आणि काचवाले असे तिघं कपाटाला भिडले. दारातून न निघणारं कपाट जागेवरून मात्र अगदी निमूट सरकलं. गवंड्यानं खाली बोट दाखवलं. फरशीवर कपाटाच्या पायांचे चरे पडले होते, एकावर एक, खोल. "हे काय पहिल्यांदा सरकत नाहीये," तो म्हणाला. "कुणीतरी नेहमी सरकवत होतं."

आणि मागे भिंतीत भेग. जमिनीपासून खांद्यापर्यंत, हात जाईल एवढी. आणि भेगेत कोंबलेल्या चिंध्या.

"आतला पाइप गळतोय," नळवाला म्हणाला. "वरच्या नळाचा. गळती फार जुनी आहे. पण एवढी नसणार. हल्ली कुणी नळ जोरात सोडत होतं का?"

काचवाले छताकडे बघू लागले. मावशी म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा."

पण मनातून तिला उकळ्या फुटत होत्या. पुरावा मिळाला! आता बघते. अख्ख्या गल्लीची लाडकी बाई, गणिताची बाई, हिशोबाची पक्की बाई, आणि भेगेपुढे कपाट लावून घर विकते! या चिंध्या नेऊन मुलीच्या देखत तिच्यापुढे टाकते. नाक खाली होऊ दे एकदा. तिनं पिशवी आणली आणि भेगेत हात घालून बोळे उपसायला लागली.

सगळ्यात बाहेरचा बोळा तिनं ओळखला. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड. पडदा! तो चार बोटं आखूड पडदा, तो आटला नव्हता, कापला होता. घर दाखवायच्या आधी. चोर ती चोर, मावशी मनात म्हणाली. आणि सवयीनं तिनं तो तुकडा उलटा करून बघितला.

मग हात थांबेनात. एकेक बोळा ती उलगडायची, पिळायची, उजेडात धरायची. पुरुषाचा सदरा, कॉलरवर औषधाचे डाग. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चमच्यानं पाजताना जसे पडतात तसे. त्याच्या आत उशीचा अभ्रा, केसांच्या तेलाचा. त्याच्या आत शाळेचा सदरा, खिशाशी शाईचा डाग. आणि पार आत, दगडासारखा घट्ट झालेला, एक लहानसा फ्रॉक. दूध. दुधाचा डाग कितीही जुना झाला तरी मावशीच्या नाकाला कळायचा.

यातलं एकही कापड एकदा कोंबून सोडून दिलेलं नव्हतं. धागे सांगत होते. पुन्हा पुन्हा पिळलेली, वाळवलेली, परत भरलेली कापडं होती ती. म्हणजे ती बाई हे धूड आपल्या पाठीनं रेटायची, ओले बोळे काढायची, कोरडे भरायची, कपाट परत लावायची. फ्रॉक घालणारी पोर होती तेव्हापासून ते गुडघे जाईपर्यंत. एकटी. आणि पडद्याची उलट बाजू तरीही स्वच्छ.

मावशीला तिची कीव आली का? छे! आधी आला तो पुन्हा मत्सरच. बघा मेलीला! एवढी भेग आणि कुणाला पत्ता नाही. मला चार आठवडे एक डाग लपवता आला नाही.

बाईंच्या मुलीचं घर चकचकीत होतं. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, आवाज न करणारी दारं. मुलगी कामाला गेली होती. बाईंनीच दार उघडलं, आणि दार उघडताना त्यांचा गुडघा किंचित वर गेला. दार आपलं मुकाट उघडलं. मावशीनं ते बघितलं.

"या," बाई म्हणाल्या, आणि ती बसायच्या आत, "घर कसं आहे?"

खोलीत बाईंसाठी खिडकीशी एक खुर्ची होती. हाताशी काही काम नव्हतं. पडद्यांना हात लावायची सोय नव्हती; ते दोरीनं वर जायचे. ते निळ्या पट्ट्यांचे पडदे कुठंच दिसत नव्हते. मावशीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"दार अडतं का अजून?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात अशी काही उत्सुकता होती की मावशी चमकली. आपल्या नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली बाई, तो नीट जेवतो का हे विचारते, तसा तो आवाज होता. हिला घराचे हाल ऐकायचेत! घर माझ्यावाचून रडतंय, हे हिला ऐकायचंय!

आणि मावशीच्या जिभेवर एकदम सुरा आला. चिंध्या फेकण्यापेक्षा हे बरं.

"दार? छे हो. रंधा मारून घेतला. आता एका बोटानं उघडतं."

"आणि दिवा?"

"लागतो की. पंख्याशिवाय."

बाई खाली बघत, अगदी हळू म्हणाल्या, "आणि... कपाटामागं?"

आता खरं म्हणजे हाच तो क्षण. चोर आपल्या तोंडानं कबूल करत होता, आणि पुरावा मांडीवर होता. पण जळक्या माणसाला जिंकायचं असतं, न्याय नको असतो.

"कपाटामागं काय?" मावशी म्हणाली. "कोरडं ठणठणीत."

"थेंबसुद्धा नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मलाच छळलं मेल्या घरानं. जन्मभर. मला वाटायचं, त्याचा स्वभावच तसा आहे. तुम्ही आलात आणि शहाण्यासारखं वागायला लागलं." आणि मग, गणिताच्या बाईंना शोभणार नाही अशा बारीक आवाजात, "तुमचा मला राग येतो हो. फार राग येतो."

मावशीला जे हवं होतं ते मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर जळलं. घरावरून! आणि देवाशपथ सांगतो, तिला ते अजिबात गोड लागलं नाही. आपण काय चाखलं इतके दिवस, ते समोर बसून दुसरं कुणी चाखताना बघणं फार कडू असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिनं पिशवीत हात घातला आणि फ्रॉक काढून बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी तो ओळखला. रंग चढला त्यांच्या चेहऱ्याला, शरमेचा. त्यांनी तो हातात दाबला आणि थबकल्या. परत दाबला.

"ओला आहे," त्या म्हणाल्या.

"चिंब," मावशी म्हणाली. "पूर आलाय घरात. दार अडतं, दिवा पंख्याशिवाय लागत नाही, आणि माझ्या आईची शाल सडली तुमच्यापायी. नळ मी मुद्दाम पूर्ण सोडत होते. तुम्ही अर्धा म्हणालात म्हणून."

बाईंनी तोंडावर फ्रॉक धरला. मावशीला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. खांदे गदागदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गळतंय तर!" त्या म्हणाल्या. "अजून गळतंय!"

मावशी चिडलीच होती. पण हसू आवरेना तिलाही.

"मी लपवलं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सांगितलं असतं तर कुणी घेतलं नसतं. माझ्यानं ते कपाट सरकेना गं. शेवटचा बोळा भरला तेव्हा तीन दिवस उठले नाही मी. चूक झाली. शाल आण माझ्याकडे, मला काही करता आलं तर—"

"तुम्ही?" मावशी ताडकन म्हणाली. "बुरशी काढणार तुम्ही? ते काम माझं. पडदे तुमचे, डाग माझे. तिथं लुडबुड नको."

"बरं," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना गप्प केलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आता भिंत फोडून पाइप बदलणार?"

"हो."

"बदला," त्या म्हणाल्या. पण फ्रॉक त्यांनी परत दिला नाही.

भिंत फुटली, पाइप बदलला, नळही नवा बसला. नळवाला म्हणाला, "आता हवा तेवढा सोडा. वाजला तर मला सांगा." शाल मावशीनं मागून पुढून, दिवसच्या दिवस खपून साफ केली, एक ठिपका तेवढा राहिला, तो ती आजही कुणाला दाखवत नाही. गल्लीतले लोक अजून 'बाईंचं घर'च म्हणतात आणि मावशीच्या अंगाला अजून मिरच्या झोंबतात. सुंभ जळतो, पीळ थोडाच जळतो?

नवा नळ बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी वर गेली. नव्या नळाला हात लावला. आता कुणाची भीती नव्हती, कुणाचा सल्ला नव्हता, भिंतीच्या पोटात काही नव्हतं. तिनं नळ फिरवला, आणि हात अर्ध्यावर येऊन थांबला. आपल्या हाताकडे ती बघतच राहिली. मग म्हणाली, "शिरली मेली, हातातसुद्धा शिरली."

पुढे नेला नाही तिनं तो हात. खाली येऊन तिनं नवऱ्यासमोर चहा ठेवला.

"वरचा नळ अर्धाच उघडत जा," ती म्हणाली.

काचवाल्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का? बाई म्हणाल्या?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी म्हणतेय."